कुटुंब, जोडीदार आणि शिक्षण: पाहणी कशी आखावी

'आईवडील वेगळे झाले तर मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम होतो?' प्रश्न ऐकायला सरळ आहे. पाहणी आखायला बसलं की त्यातला एकेक शब्द सुटा होऊ लागतो. आईवडील म्हणजे जन्म दिलेले की वाढवलेले? वेगळे झाले ते कधी धरायचं: बोलणं बंद झालं तेव्हा, एकाने घर सोडलं तेव्हा, की कागदावर सह्या झाल्या तेव्हा? शिक्षण म्हणजे गुण, पदवी की शाळा सोडतानाचं वय? याची उत्तरं प्रश्नावली छापायच्या आधी लेखी हवीत. गुंतागुंतीची गणितं नंतर शिकता येतात, पण न विचारलेली तारीख परत मिळत नाही.

या क्षेत्रातल्या चुका शोधत मागे गेलं की पुष्कळदा एकाच जागी येऊन थांबावं लागतं. नातं वर्षानुवर्षं बदलत असतं आणि पाहणीत त्याला 'वैवाहिक स्थिती' नावाचा एकच रकाना मिळतो, तोही मुलाखतीच्या दिवसापुरता. म्हणून खाली सांगितलेली पद्धत कोण, कोणाशी, कधीपासून आणि कधीपर्यंत या चार गोष्टींना धरून चालते.

घर वेगळं, कुटुंब वेगळं

एका छताखाली राहणारे ते घर. नात्याने बांधलेले, मग कुठेही राहोत, ते कुटुंब. दोन्हींच्या याद्या वेगळ्या करा.

घराची यादी करताना 'कुटुंबप्रमुखाशी नातं' हा प्रश्न सर्रास वापरला जातो. तो अपुरा आहे. दोन मुलांपुढे 'मुलगा' आणि 'मुलगी' असं लिहिलं तरी ती एकमेकांची सख्खी आहेत की सावत्र, हे कळत नाही. आणि पुढे भावंडांची तुलना करायची असेल तर नेमकं तेच लागतं. त्याऐवजी प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं विचारा. पाच माणसांच्या घरात दहा जोड्या होतात, सहा जणांत पंधरा. वेळ थोडा जास्त जातो, पण तो सत्कारणी लागतो. 'भाऊ' या उत्तरावर तर थांबूच नका. मराठीत चुलत, मामे, मावस सगळेच भाऊ असतात; आईवडील दोन्ही तेच का, असं थेट विचारा.

घराबाहेरची यादी ठरावीक माणसांची ठेवा: आई, वडील, आधीचे जोडीदार, दुसरीकडे राहणारी मुलं, भावंडं. प्रत्येकाचं जन्मवर्ष, हयात आहे का, शिक्षण आणि तिथे पोचायला लागणारा वेळ नोंदवा. किलोमीटर विचारू नका. माणसांना प्रवासाचा वेळ बऱ्यापैकी अचूक सांगता येतो, अंतर नाही.

मूल दोन घरांत विभागून राहत असेल तर 'जास्त कुठे राहतं?' हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण आई आणि वडील दोघंही 'माझ्याकडे' म्हणू शकतात. 'गेल्या २८ रात्रींपैकी किती रात्री इथे झोपलं?' असं विचारा. नमुना घरांचा असेल तर अशा मुलाची निवड होण्याची शक्यता जवळपास दुप्पट असते. दोन्ही घरांच्या यादीत ते येत असेल तर त्याचा भार, म्हणजे मोजणीतलं वजन, निम्मा करावा लागतो.

जोडीदारीचा इतिहास घेताना

पहिलाच प्रश्न 'लग्न झालंय का?' असा ठेवला की 'नाही' म्हणणारा माणूस मुलाखतकाराच्या डोक्यात एकटा होऊन बसतो आणि पुढचे प्रश्न गाळले जातात. सुरुवात अशी करा: 'सध्या तुमचं कुणाशी जोडीदार म्हणून नातं आहे का? एकत्र राहत असा वा नसा, लग्न झालेलं असो वा नसो.' नातं किती दिवसांचं असलं की मोजायचं, ती मर्यादा तुम्हीच ठरवा. तीन महिने चालतील, सहाही चालतील. मर्यादा सगळ्यांना सारखी लावा आणि अहवालात लिहा.

त्यानंतर पहिल्या जोडीदारापासून आजपर्यंत, प्रत्येक नात्यासाठी चार तारखा घ्या: नातं सुरू झालं, एकत्र राहायला लागलो, लग्न किंवा नोंदणी झाली, एकत्र राहणं संपलं. कायदेशीर फारकत किंवा मृत्यू असेल तर पाचवी. या तारखांवरून नात्याचा प्रकार आपोआप निघतो. दुसरी तारीख तिसरीच्या आधी असेल तर लग्नापूर्वीचं सहजीवन. तिसरी कोरी असेल तर लग्नाविना सहजीवन. पहिली आहे पण दुसरी नाही, तर वेगवेगळ्या घरांत राहणारी जोडी. प्रकारांची यादी पुढे करून 'यातलं तुमचं कोणतं?' असं विचारलं, तर प्रत्येक जण आपापल्या व्याख्येने खूण करतो.

वेगळ्या घरांतल्या जोड्यांना जुन्या पाहण्या 'अविवाहित, एकटे' यांत ढकलत असत. इरीन लेव्हिन यांनी २००४ मध्ये या व्यवस्थेची कुटुंबाचा नवा प्रकार म्हणून मांडणी केली. अशा जोडीला कारण जरूर विचारा. शिक्षण किंवा नोकरीमुळे दोन शहरांत अडकलेले आणि एकत्र राहायचंच नाही असं ठरवलेले, हे दोन अगदी वेगळे गट आहेत. 'पुढच्या ३ वर्षांत एकत्र राहायचा बेत आहे का?' या एका प्रश्नाने ते बरेचसे वेगळे पडतात.

तारखा आठवून घेण्यासाठी कॅलेंडर वापरा. १९८८ मध्ये फ्रीडमन, थॉर्नटन आणि सहकाऱ्यांनी जीवनक्रमाच्या कॅलेंडरची रीत तपशिलात मांडली. आजही त्याहून सोपं साधन नाही. एका मोठ्या कागदावर आडवे महिने, उभ्या ओळी विषयांच्या: राहण्याचं ठिकाण, शिक्षण, काम, जोडीदार, मुलं. आधी पक्क्या तारखा भरा, म्हणजे मुलांचे जन्म आणि घर बदललेले महिने. त्यांच्या आधाराने बाकीच्या: 'धाकटीचा जन्म झाला तेव्हा तुम्ही एकत्र राहत होता का?' विसंगती असेल तर कागदावर लगेच डोळ्यांत भरते, आणि समोरची व्यक्ती स्वतःच दुरुस्त करते.

महिना आठवत नसेल तर ऋतू विचारा. तोही नसेल तर रकाना कोरा ठेवून 'महिना अज्ञात' अशी वेगळी खूण करा. सगळ्या अज्ञात तारखांना जून टाकायची सवय वाईट. मग तुमच्या माहितीत दर जूनमध्ये नाती जुळल्याची आणि मोडल्याची लाट दिसते. शक्य असलेल्या महिन्यांमधून यादृच्छिक निवड करा.

आता एक काल्पनिक मूल घेऊ. जन्म मार्च २००८. आईवडील तेव्हा लग्नाविना एकत्र राहत होते, लग्न जून २०१०, वडिलांनी घर सोडलं सप्टेंबर २०१५, आईचा नवा जोडीदार राहायला आला फेब्रुवारी २०१८. मुलाला सोळावं वर्ष पूर्ण झालं मार्च २०२४ मध्ये. त्या दिवशी पाहणी झाली असती तर नोंद एका शब्दाची: 'सावत्र पालक'.

तारखा असतील तर हिशेब वेगळा होतो. प्रत्येक तारखेला महिन्याचा सलग क्रमांक द्या: वर्षातून १९०० वजा करा, १२ ने गुणा, महिना मिळवा. मार्च २००८ होतो १२९९, सप्टेंबर २०१५ होतो १३८९, फेब्रुवारी २०१८ होतो १४१८, मार्च २०२४ होतो १४९१. वजाबाक्या केल्या की दोन्ही पालकांबरोबर ९० महिने, एकट्या आईबरोबर २९, आई आणि सावत्र वडिलांबरोबर ७३. बेरीज १९२, म्हणजे बरोबर सोळा वर्षं. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी तारीख उलटी पडली आहे. ही तपासणी प्रत्येक मुलासाठी संगणकाकडून करून घ्या. पहिल्या ९० पैकी २७ महिने पालक अविवाहित होते. 'विवाहित पालक विरुद्ध अविवाहित पालक' अशी तुलना करणाऱ्याने या मुलाला कुठे बसवायचं, हे त्यानेच सांगावं.

इतिहास सोडून फक्त सध्याच्या जोड्या निवडल्या तर काय होतं, तेही आकड्यांत पाहू. समजा दरवर्षी १०० जोड्या जमतात. त्यातल्या ५० दोन वर्षं टिकतात, ५० वीस वर्षं. कोणत्याही दिवशी गाठलं तर अल्पायुषी जोड्या ५० गुणिले २ म्हणजे १०० आणि दीर्घायुषी १,००० सापडतील. सुरुवातीला निम्म्या असलेल्या जोड्या नमुन्यात जेमतेम ९ टक्के उरल्या. अशा नमुन्यावरून नाती टिकाऊ असल्याचा निष्कर्ष काढणं म्हणजे मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेवर उभं राहून सगळेच पोचतात म्हणण्यासारखं आहे.

जिव्हाळ्याचं मोजमाप

व्हर्न बेंगटसन आणि सहकाऱ्यांनी पिढ्यांमधल्या बांधिलकीचे सहा पैलू सांगितले: भेटीगाठी, आपुलकी, विचारांची जुळणी, मदतीची देवाणघेवाण, कर्तव्याची भावना आणि भेटीची संधी देणारी परिस्थिती, म्हणजे अंतर, माणसांची संख्या वगैरे. सहाही विचारायची गरज नाही. पण जे विचाराल ते वेगवेगळं ठेवा. बेरीज करून 'कौटुंबिक जिव्हाळा निर्देशांक' काढू नका. रोज फोन करणारी मुलगी आईवर चिडलेली असू शकते आणि वर्षातून दोनदा भेटणारा मुलगा दरमहा पैसे पाठवत असू शकतो. बेरजेत दोघांना सारखेच गुण मिळतील. प्रेम आणि ताण एकत्र नांदतात, हा मुद्दा लूशर आणि पिलेमर यांनी १९९८ मध्ये जोरकसपणे मांडला. त्यामुळे आपुलकीच्या प्रत्येक प्रश्नासोबत भांडणाचा किंवा ताणाचा एक प्रश्न ठेवा.

मराठी प्रश्नावलीत 'जवळचा' हा शब्द टाळलेला बरा. तो अंतराला चालतो, रक्ताच्या नात्याला चालतो आणि जिव्हाळ्यालाही. 'तुमच्या जवळच्या व्यक्ती कोण?' या प्रश्नाला एक जण शेजारी सांगेल, दुसरा सख्खे नातेवाईक, तिसरी बालमैत्रीण. 'मनातलं कोणापाशी बोलता?' असं विचारलं की गोंधळ राहत नाही.

मदतीचा प्रश्न दोन्ही दिशांनी आणि ठरावीक मुदतीचा हवा: 'गेल्या १२ महिन्यांत आईकडून पैसे घेतले का? आईला दिले का?' पैसे, घरकाम, मुलांना सांभाळणं आणि सल्ला वेगळे विचारा. एकाच घरात राहणाऱ्यांना भेटीगाठींचा प्रश्न विचारू नका. त्यांना आपसूक 'रोज' असा कोड दिला तर एकत्र राहणं हाच जिव्हाळा ठरतो आणि एका घरातला अबोला कायमचा लपतो. त्यांचा गट वेगळा ठेवा.

दोन्ही बाजूंना विचारता आलं तर फारच चांगलं. पालक नात्याचं वर्णन मुलांपेक्षा अधिक गोड करतात, हे वारंवार दिसून आलं आहे. दोघांच्या उत्तरांची सरासरी काढू नका; तफावत हीच माहिती असते.

शिक्षणाचे रकाने

'शिक्षण किती झालं?' याला उत्तर म्हणून एखाद्या इयत्तेचं नाव येतं. ती पास झाली की तिथे शाळा सुटली, हे त्यातून समजत नाही. दोन प्रश्न करा: 'सर्वांत वरची कोणती परीक्षा पास झालात, आणि कधी?' आणि 'शाळा-कॉलेजात शेवटचं कधी शिकत होता?'

देशादेशांत तुलना करायची असेल तर युनेस्कोचं वर्गीकरण वापरा. २०११ च्या आवृत्तीत ० ते ८ अशा नऊ पातळ्या आहेत: पदवी ६, पदव्युत्तर ७, डॉक्टरेट ८. १९९७ च्या आवृत्तीत ० ते ६ होत्या, पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही पाचव्या पातळीत, डॉक्टरेट सहाव्या. म्हणजे '६' या आकड्याचा अर्थ एका आवृत्तीत डॉक्टरेट आणि दुसरीत साधी पदवी. दोन वर्षांच्या फाइली जोडताना ही चूक इतक्या शांतपणे घुसते की निकाल चमत्कारिक येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मूळ उत्तर, परीक्षेच्या नावासकट, वेगळ्या रकान्यात जपून ठेवा.

पालकांचं शिक्षण विचारताना वेळ नेमा: मुलाच्या जन्माच्या वेळी, किंवा ते १४ वर्षांचं असताना. वर घेतलेल्या उदाहरणातल्या आईने २०१३ मध्ये पदवी घेतली असेल तर तिचं आजचं शिक्षण मुलाच्या पहिल्या पाच वर्षांना लागू नाही. जन्मदाते वडील आणि घरात असलेले वडील, दोघांचंही विचारा.

दोन पालकांपैकी ज्याचं शिक्षण जास्त ते घ्यायचं, हा नियम लोकप्रिय आहे. पण एकल पालकाच्या घरात निवडायला एकच आकडा असतो. त्यामुळे ती घरं कमी शिकलेली दिसतात, ती केवळ हिशेबाच्या रीतीमुळे. आई आणि वडील यांचे रकाने वेगळे ठेवा आणि 'वडिलांचं माहीत नाही' हाही एक गट धरा. ही उत्तरं गाळली तर ज्यांचा वडिलांशी संपर्क तुटलाय नेमकी तीच मुलं गळतात, आणि अभ्यास त्यांचाच होता.

हिशेब करताना

शिक्षणामुळे लग्न लांबतं का, हे पाहताना शिकत असणं आणि शिकलेलं असणं वेगळं करा. ब्लॉसफेल्ड आणि हुईनिंक यांनी १९९१ मध्ये जर्मन स्त्रियांच्या जीवनक्रमावरून दाखवलं की शिक्षण चालू असेपर्यंत लग्न आणि मातृत्व पुढे ढकललं जातं. पातळीचा स्वतंत्र परिणाम त्यामानाने थोडा. त्यासाठी प्रत्येक महिन्याची एक ओळ करा, आणि त्या ओळीत त्या महिन्यापर्यंत मिळालेलंच शिक्षण लिहा. आजची पदवी वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचं कारण म्हणून वापरणं ही चूक छापील लेखांतही सापडते. ज्यांचं लग्न अजून झालेलं नाही त्यांना वगळू नका. मुलाखतीच्या महिन्यापर्यंतच्या त्यांच्या ओळी मोजणीत राहतात.

सारख्या शिक्षणाच्या जोड्या वाढल्या की घटल्या, हे टक्केवारीवर ठरवू नका. १,००० जोड्या घ्या: दोघंही कमी शिकलेले ८००, दोघंही जास्त शिकलेले ५०, मिश्र ७५ आणि ७५. सारख्या जोड्या ८५ टक्के. एका पिढीनंतर ४००, ४००, १०० आणि १००. सारख्या आता ८० टक्के, म्हणजे घट? ऑड्स रेशो काढा, म्हणजे सारख्यांचा गुणाकार भागिले मिश्रांचा गुणाकार. पहिल्या वेळी ४०,००० भागिले ५,६२५, साधारण ७.१. दुसऱ्या वेळी १,६०,००० भागिले १०,०००, म्हणजे १६. कमी आणि जास्त शिकलेल्यांमधली भिंत उंच झाली आहे. पूर्वी बहुतेक सगळेच कमी शिकलेले होते, त्यामुळे डोळे मिटून जोड्या लावल्या असत्या तरी ७८ टक्के सारख्याच निघाल्या असत्या. नंतर फक्त ५० टक्के.

विभक्त होण्याचा परिणाम मोजायचा तर विभक्त होण्याच्या आधीचं मोजमाप हवंच. चर्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास प्रसिद्ध केला. घटस्फोटाचा म्हणून दिसणारा फरक, विशेषतः मुलग्यांमध्ये, बराचसा घटस्फोटाच्या आधीपासूनच दिसत होता. नंतरचं उत्पन्न मात्र सरसकट नियंत्रणात टाकू नका, म्हणजे हिशेबात ते सगळ्यांचं सारखं धरू नका. वेगळं झाल्याने उत्पन्न घटतं आणि त्यातून शिक्षणावर ताण येतो. मधला दुवाच काढून घेतला तर उरतो तो एकूण परिणाम नसतो.

एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली तर घरातल्या समाईक गोष्टी आपोआप वजा होतात. विभक्त होताना एक १५ वर्षांचा होता, दुसरी ६ वर्षांची. फरक वयाचा पडतो. पण अशाने एकुलती एक मुलं बाहेर राहतात, आणि सावत्र भावंडं सख्खी म्हणून मोजली गेली तर तुलनेचा पायाच सुटतो. नात्यांची ती दहा जोड्यांची यादी इथे कामाला येते.

नमुन्याचा आकार गटांवरून ठरवा. १,००० जणांत एखादा प्रकार ५ टक्के असेल तर हाती ५० माणसं. शिक्षणाचे तीन गट केले की सरासरी सतराही नाहीत. अशा वेळी तयार माहिती पाहा. अमेरिकेतली पीएसआयडी (पॅनेल स्टडी ऑफ इन्कम डायनॅमिक्स) ही पाहणी १९६८ पासून चालू आहे आणि घरातून बाहेर पडून वेगळं घर करणाऱ्या मुलांचाही पाठपुरावा करते. जर्मनीत २००८ मध्ये सुरू झालेल्या पेअरफाम या पाहणीत मुख्य व्यक्तीबरोबर जोडीदार, पालक आणि मुलांनाही विचारलं गेलं.

दोघांना विचारताना

जोडीदारांच्या मुलाखती वेगळ्या खोल्यांत, शक्यतो एकाच वेळी, दोन मुलाखतकारांनी घ्याव्यात. एकाचं उत्तर दुसऱ्यासमोर पडताळायचं नाही, इशाऱ्यानेही नाही. 'पण तुमचे यजमान तर म्हणाले...' असं एक वाक्य तोंडून गेलं तर पाहणी संपली असं समजा. कोणी खोलीत आलं तर काढायला दोन-चार साध्या प्रश्नांचं पान हाताशी ठेवा, प्रवासाचं किंवा टीव्ही बघण्याचं, आणि पुन्हा एकांत मिळेपर्यंत तेच चालू ठेवा.

अनेक वर्षं चालणाऱ्या पाहणीत नातं तुटलं की माणूस घर बदलतो आणि सापडेनासा होतो. राहिलेल्या लोकांत मग टिकलेली नातीच जास्त उरतात. म्हणून पहिल्याच फेरीत, जोडीदार सोडून, ठावठिकाणा सांगू शकतील अशा दोन व्यक्तींचा संपर्क घ्या आणि घर सोडून गेलेल्याचा पाठपुरावाही तितकाच नेटाने करा.

अहवालात नावं बदलणं पुरेसं नसतं. परक्याला ओळख पटणार नाही, पण बहिणीला पटेल: तीन भावंडं, मधलीने शिक्षण सोडलं, वडिलांचं दुसरं लग्न, एवढं तिला पुरतं. अवतरण छापण्याआधी ते त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नजरेने वाचा, आणि भावंडांची संख्या, क्रम किंवा व्यवसाय यांपैकी विश्लेषणाला नको असलेला तपशील काढून टाका.